एकाच मुलासाठी पाच दारं

परळच्या केईएम रुग्णालयापासून हाजी अलीपर्यंत अंतर फार तर चार-पाच किलोमीटर. नागपाडा आणि मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय तिथून हाकेच्या अंतरावर. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी या देशात जी जी तज्ज्ञ मंडळी घडली, त्यांतल्या कितीतरी शाखांचं शिक्षण याच पट्ट्यात सुरू झालं. समाजकार्य नागपाड्यात, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, ओटी) आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी, पीटी) परळला, वाचा-श्रवण नायरमध्ये, पुनर्वसनवैद्यक हाजी अलीला. इतक्या जवळजवळ जन्मलेल्या या शाखांना एकमेकींचं बोट धरायला मात्र पुढची कित्येक दशकं लागली.

गंमत अशी की सुरुवात झाली ती एकत्र कामानेच. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या कामगारवस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ चालवत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्त निधीच्या पैशावर १९३६ साली तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडलं. आज ‘टिस’ म्हणून सगळे ओळखतात ती हीच संस्था. प्रवेश पदवीधरांना, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. देशातलं हे पहिलं. अशा केंद्राची रीत अमेरिकेत ठरून गेलेली होती. शिकागोत विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये बालगुन्हेगारांसाठी जे काम उभं केलं, त्यातून ती आली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता, तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करायचा. डॉक्टरने शरीर आणि मन पाहायचं, मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घ्यायच्या, समाजकार्यकर्त्याने घरी जाऊन चूल, भांडणं, बापाची नोकरी, शाळेचा अनुभव हे सगळं टिपून आणायचं. मग तिघांनी बसून ठरवायचं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे समोर पाहायला मिळत होतं, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

पण ही रीत मुख्यतः वागणुकीच्या आणि अभ्यासाच्या तक्रारी असलेल्या मुलांसाठी होती. ज्या मुलाला बसताच येत नाही, घास गिळताच येत नाही, त्याच्यासाठी लागणारे बाकीचे लोक अजून देशात तयारच व्हायचे होते.

ते तयार करायला घेतले एका बाईंनी. एलिझाबेथ लंडी या क्वेकर घराण्यातल्या अमेरिकन. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या १९३० साली भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. मराठी वाचकाला हे घराणं परकं नाही. इरावती कर्व्यांची कन्या, कथालेखिका जाई निंबकर, या त्यांच्या सून, आणि फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाने चालते. कमलाबाईंनी चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत परत जाऊन फिलाडेल्फियाच्या शाळेत व्यवसायोपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं. परत येऊन १९५० मध्ये केईएममध्ये आशियातली पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी केली. त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या स्थापनेसाठी दहा देश एकत्र आले, त्यांत भारत होता. पुढे नागपूरलाही शाळा निघाली. ज्या देशात या व्यवसायाचं नाव रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही धड माहीत नव्हतं, तिथे दोन-चार वर्षांत एवढं उभं राहिलं. महाराष्ट्राने या बाईंची आठवण पुरेशी ठेवलेली नाही.

त्या काळी धक्का होता पोलिओचा. वॉर्डांतून पाय लुळे पडलेली मुलं येत होती. त्यांना कॅलिपर हवे होते, व्यायाम हवा होता, आणि शाळाही हवी होती. स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारांसाठी त्यांनी केलेल्या धडपडीतून १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था निघाली. तिचं हाजी अलीचं केंद्र जुन्या मुंबईकरांना ‘एसआरसीसी’ म्हणून पाठ आहे. केईएममध्ये पन्नासच्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली, आणि १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाजी अलीलाच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. डॉक्टर, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, कृत्रिम अवयवांची कार्यशाळा, समाजकार्यकर्ता, व्यवसाय मार्गदर्शन, सगळं एका आवारात. १९६५ मध्ये म्हैसूरला वाक्-श्रवण संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी नायर रुग्णालयात वाचा-श्रवणाचा अभ्यासक्रम सुरू झाला.

तीस वर्षांत सगळी मंडळी जमली. प्रत्येक शाखेला आपली शाळा मिळाली, आपली पदवी मिळाली, आपला विभागप्रमुख मिळाला, आणि रुग्णालयात आपली स्वतंत्र खोली. मूल मात्र एकच होतं. त्याला कडेवर घेऊन आई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची, प्रत्येक दारावर केसपेपर दाखवायची, आणि जन्माच्या वेळी बाळ रडलं नव्हतं इथपासूनची सगळी हकिकत पुन्हा सांगायची. सोमवारी भौतिकोपचार, बुधवारी स्पीच, शुक्रवारी मानसशास्त्रज्ञ. बदलापूर किंवा विरारहून येणाऱ्या बाईचा आठवडा लोकलमध्ये जायचा. अनेक ठिकाणी तो आजही जातो.

एकत्र बसण्याने नेमका काय फरक पडतो, ते जेवणाच्या एका घासावरून समजतं. मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेलं तीन वर्षांचं मूल घ्या. आई त्याला मांडीवर आडवं घेऊन वरणभाताचं पातळ पाणी भरवते, कारण घट्ट घास तोंडातून बाहेर येतो. मूल अंग ताठ करतं, मान मागे टाकतं. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी राहते, पातळ वरण झरकन तिकडे उतरतं, ठसका लागतो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी छाती भरते. बालरोगतज्ज्ञ प्रतिजैविक देतो. स्पीच थेरपिस्ट जिभेचे आणि ओठांचे व्यायाम सांगते. आहारतज्ज्ञ वजन पाहून म्हणते, जास्त खाऊ घाला. तिघांचंही म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर, आणि मूल पुन्हा वॉर्डात.

आता हीच माणसं एका सतरंजीभोवती बसवा. भौतिकोपचारवाली मुलाची कंबर काटकोनात वाकवते, पाय खाली टेकवते. कंबर वाकताच पाठीचा ताठरपणा ढिला पडतो आणि मान आपोआप पुढे येते. व्यवसायोपचारवाली बसण्याची जागा त्याच मापात बांधते, छातीशी पट्टा, समोर छोटं टेबल, पसरट चमचा. आता स्पीच थेरपिस्टला हनुवटीखाली बोट लावून जबडा मिटता येतो, वरण किती घट्ट केलं की ठसका लागत नाही ते ठरवता येतं. डॉक्टरच्या लक्षात येतं की फिटच्या गोळीने मूल नेमकं दुपारच्या जेवणाला पेंगतं, तेव्हा वेळ बदलायला हवी. आणि समाजकार्यकर्ती म्हणते, ही खुर्ची छान आहे, पण यांची खोली दहा बाय दहाची आहे, घरातली सहा माणसं जमिनीवर बसून जेवतात, खुर्ची ठेवणार कुठे? मग खुर्चीऐवजी भिंतीच्या कोपऱ्यात बसवायचं आसन तयार होतं. आई म्हणते, हे जमेल. अर्ध्या तासात जे ठरलं, ते वेगवेगळ्या पाच खोल्यांतून वर्षभरात ठरलं नसतं. कुणाला कमी येत होतं म्हणून असं होत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामाचा आपल्या कामावर होणारा परिणाम दिसत नसतो, म्हणून होतं. आणि तो दिसायला शिकायच्या वयातच शिकवावं लागतं.

मुंबईत हे पहिल्यांदा जोराने मांडलं ते पालकांनी, आणि याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. पाचही दारांतून जाणारा माणूस पालकच असतो. १९४४ मध्ये वकील या पारशी दांपत्याने आपल्या दीना या मुलीसाठी सुरू केलेल्या शाळेतून शिवडीची जय वकील संस्था वाढली. दीनाला डाऊन सिंड्रोम होता. फातिमाबाईंचं वर आलंच. तिसरं आणि या कहाणीत सगळ्यांत निर्णायक नाव मिथू अलूर यांचं. त्यांची मुलगी मालिनी १९६६ साली सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मली. अलूर तिला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमध्ये कॅरेल आणि बर्टा बोबाथ हे पती-पत्नी, एक डॉक्टर आणि दुसरी थेरपिस्ट, अशा मुलांसाठी नवी उपचारपद्धती घडवत होते. तिचं प्रशिक्षण ते भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि वाचोपचार या तिन्ही शाखांच्या लोकांना एकत्र देत. दोन महिन्यांच्या त्या अभ्यासक्रमात तिघांनाही एकाच मुलावर हात ठेवून शिकावं लागे. अलूर यांनी स्वतः लंडनमध्ये विशेष शिक्षणाची पदवी घेतली. मालिनीसारख्या मुलांना बुद्धी असते आणि ती शिकू शकतात, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. इथे परतल्यावर त्यांना मुंबईत अशी एकही शाळा सापडेना.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांनी ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. अभिनेत्री नर्गिस दत्त पहिल्या आश्रयदात्या झाल्या. कुलाब्यात अगदी मोजक्या मुलांवर शाळा सुरू झाली, आणि शिक्षण व उपचार एका छपराखाली ही तिची रचना देशात नवी होती. वर्गातच थेरपिस्ट, आणि थेरपीत शिक्षिकेचं म्हणणं. फळ्याकडे पाहायला मान किती वेळ धरता येईल हे ठरल्याशिवाय धड्याचं वेळापत्रक ठरत नव्हतं. पण शाळा काढल्यावर कळलं की अशा वर्गात उभं राहील असं माणूसच तयार नाही. बी.एड. झालेल्या शिक्षकाला स्नायूंचा ताण माहीत नव्हता, आणि ओटी झालेल्या मुलीला अक्षरओळख कशी होते ते ठाऊक नव्हतं. म्हणून सत्तरच्या दशकातच संस्थेने पदवीधरांसाठी स्वतःचा पदविका अभ्यासक्रम काढला. तिथून बाहेर पडलेल्या शिक्षिकांनी देशभर वर्ग उघडले. कोलकात्याला १९७४ मध्ये अशीच संस्था निघाली, मग दिल्ली, बंगळूर, मद्रास. अलूर यांची कन्या मालिनी चिब यांनी पुढे लंडनमधून दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि आत्मचरित्र लिहिलं. एका बोटाने टाइप करत त्या लिहितात.

मुंबईत एका आईने स्वतःच्या हिमतीवर जे केलं, ते अमेरिकेत काही वर्षं आधी सरकारने कायद्याने केलं होतं. तिथेही मुळाशी एक घरच होतं. जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या मागे होती. १९४१ मध्ये तिच्या मेंदूवर लोबोटॉमीची शस्त्रक्रिया झाली आणि ती कायमची परावलंबी झाली. दुसरी बहीण युनिस हिने हा विषय आयुष्यभर लावून धरला. केनेडी अध्यक्ष झाल्यावर १९६१ मध्ये एक राष्ट्रीय समिती नेमली गेली. तिच्यात जॉन्स हॉपकिन्सचे बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट कुक होते, आणि त्यांच्या स्वतःच्या दोन मुलींना गंभीर अपंगत्व होतं. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी केनेडींनी जो कायदा सही करून मंजूर केला, त्यात विद्यापीठांशी जोडलेली खास केंद्रं बांधायला पैसा होता. तीन आठवड्यांनी डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली. केंद्रं मात्र उभी राहिली.

त्या केंद्रांचं मुख्य काम होतं शिकवणं. मुलं तपासली जात, पण त्यासाठी डॉक्टरी, परिचर्या, मानसशास्त्र, वाचोपचार, आहारशास्त्र, समाजकार्य अशा वेगवेगळ्या शाखांचे पदव्युत्तर विद्यार्थी एका टेबलाशी बसत. पुढे या प्रशिक्षणाला ‘लेंड’ असं नाव पडलं. आज अमेरिकेत अशी सुमारे ६० केंद्रं आहेत. पूर्ण मुदतीच्या विद्यार्थ्याला किमान ३०० तास या एकत्र शिक्षणात घालवावे लागतात. ‘कुटुंब’ ही तिथे एक स्वतंत्र विद्याशाखा मानतात. अपंग मुलाची आई किंवा भाऊ प्रशिक्षणार्थी म्हणून येऊ शकतो, आणि अध्यापकवर्गातही पालक असतात. बारा वर्षं मूल सांभाळलेली बाई एम.डी. करणाऱ्या मुलांना शिकवते, याचं महत्त्व अमेरिकेतल्या विद्यापीठांनी ओळखलं. आपल्याकडे तीच बाई बाकड्यावर नंबर लावून बसते.

भारतात पैसा आणि कायदा दोन्ही आले, पण वेगवेगळ्या वाटांनी. १९८३ मध्ये वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, पुढच्या वर्षी सिकंदराबादला बौद्धिक अपंगत्वाची राष्ट्रीय संस्था. म्हणजे अपंगत्वाच्या प्रकारागणिक संस्था. बहिरं मूल बौद्धिकदृष्ट्याही मागे असेल तर ते कोणत्या संस्थेचं, हा प्रश्न उभा राहिलाच. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद आली. विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तिच्या नोंदवहीत गेले. डॉक्टर वैद्यक परिषदेकडे राहिले. ओटी आणि पीटी दोन्हींच्या बाहेर उरले. महाराष्ट्राने २००२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र परिषदेचा कायदा केला, आणि देशपातळीवर २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला. या परिषदांनी बोगस अभ्यासक्रमांना आळा घातला आणि दर्जा सांभाळला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण एकाच सतरंजीवर बसायची माणसं तीन वेगवेगळ्या दफ्तरांत नोंदली गेली, त्यांचे अभ्यासक्रम तीन ठिकाणी ठरू लागले, आणि एकत्र शिकण्याचे तास कोणाच्याच यादीत आले नाहीत.

जिथे कायद्याने एकत्र सही मागितली, तिथे चित्र पटकन पालटलं. १९९६ मध्ये महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. असं करणारं हे पहिलं राज्य. त्या प्रमाणपत्रासाठी मानसशास्त्रज्ञाची बुद्ध्यांक चाचणी, विशेष शिक्षकाची वाचन-लेखन-गणिताची चाचणी आणि बालरोगतज्ज्ञाची तपासणी लागते. त्यामुळे शीव, नायर यांसारख्या पालिका रुग्णालयांत ही मंडळी एका दालनात आली, आणि तिथे शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना पहिल्यांदा विशेष शिक्षिकेचा अहवाल वाचावा लागला.

पुण्याच्या केईएममध्ये हेच वेगळ्या वाटेने घडलं. जन्मतः वजन कमी असलेल्या, जोखमीच्या बाळांना रुग्णालयातून घरी सोडल्यावरही नियमित तपासणीला बोलवायचं, असं तिथल्या बालरोग विभागाने ठरवलं. १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा मागोवा ती मुलं मोठी होईपर्यंत घेतला गेला. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, थेरपिस्ट आणि घरोघरी फिरणारा समाजकार्यकर्ता यांच्याशिवाय अठरा वर्षं एकेक मूल धरून ठेवणं अशक्य होतं. मुंबईत २००१ मध्ये बालविकासतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ केंद्र काढलं. त्यांनी बॉस्टनमध्ये प्रशिक्षण घेतलं होतं. ‘उम्मीद’मध्ये उपचारांइतकंच वजन प्रशिक्षणाला आहे, आणि डॉक्टरांपासून वस्तीतल्या कार्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांसाठी अभ्यासक्रम चालतात.

मग ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं. या केंद्राच्या आराखड्यात बालरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, भौतिकोपचार, वाचा-श्रवण, मानसशास्त्र, दृष्टितपासणी, विशेष शिक्षण, समाजकार्य अशी सगळी पदं एका छताखाली आहेत. कागदावर हे जगातल्या कोणत्याही आराखड्याच्या तोडीचं आहे. अडचण पदं भरण्याचीही आहे, आणि भरलेल्या पदांवरच्या माणसांचीही. व्यवसायोपचाराचं बी.ओ.टी.एच. साडेचार वर्षांचं, वाचा-श्रवणाची पदवी चार वर्षांची. एवढ्या काळात एकमेकांच्या विभागात आठवडाभरही न बसलेली तरुण मुलं या केंद्रात पहिल्यांदा भेटतात. भिंती पाडलेल्या असल्या तरी प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं राहतं, आणि आई हकिकत पुन्हा सांगू लागते. यात त्या तरुणांचा दोष काढणं अन्यायाचं होईल. त्यांना कोणी शिकवलंच नाही.

ते शिकवणं महाराष्ट्राला इतर राज्यांपेक्षा सोपं आहे. १९९८ पासून नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली वैद्यक, परिचर्या, व्यवसायोपचार, भौतिकोपचार आणि वाचा-श्रवण हे सगळे अभ्यासक्रम एकत्र आहेत. बाहेर आहेत ते विशेष शिक्षण, मानसशास्त्र आणि समाजकार्य, आणि त्यांचे विभाग मुंबई-पुण्यात रुग्णालयांच्या शेजारीच आहेत. बालरोगाच्या एम.डी.ला, एम.ओ.टी.एच.ला, वाचोपचाराच्या आणि विशेष शिक्षणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळून सहा आठवडे एकाच शीघ्र हस्तक्षेप केंद्रात काम द्यावं, त्याला गुण ठेवावेत, आणि शिकवणाऱ्यांमध्ये मानधन देऊन दोन पालक घ्यावेत. नवी इमारत लागत नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांनी हा विषय येत्या बैठकीत घ्यावा, आणि विशेष मुलांच्या पालकसंघटनांनी तो घेईपर्यंत त्यांचा पाठपुरावा सोडू नये.